यादीत नसलेले औषध

अमेरिकेतील वृद्धांच्या दुखण्याच्या इतिहासात १९९६ या वर्षाची दोनदा नोंद करावी लागेल. त्या वर्षी पर्ड्यू फार्मा या कंपनीने ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही गोळी बाजारात आणली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २१५’च्या बाजूने कौल देऊन गांजाच्या वैद्यकीय वापराला आपल्या राज्यापुरती मोकळीक दिली. गोळी अफूच्या कुळातली होती, पण डॉक्टरांच्या सहीने येणारी, विम्यातून पैसे मिळणारी, घरात उघड्यावर ठेवता येणारी होती. गांजा बदनाम होता, तरुणांच्या उनाडपणाशी जोडला गेलेला होता आणि केंद्रीय कायद्याच्या लेखी गुन्हाच होता. पुढच्या तीन दशकांत या दोहोंचे गिऱ्हाईक मात्र बरेचसे एकच होत गेले: पाठ, मान, गुडघे आणि पायांची जळजळ सोबत घेऊन जगणारा, साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस.

आता त्या देशात, आणि त्याच्या पाठोपाठ आपल्याकडेही, एक मांडणी जोर धरू लागली आहे. पेनकिलरने वृद्धांचे नुकसान केले आहे, गांजा त्यामानाने निरुपद्रवी आहे, तेव्हा गांजा मोकळा केला की पेनकिलर आपोआप सुटेल, अशी ती मांडणी. ऐकायला ती सरळ वाटते आणि ती करणाऱ्यांत प्रामाणिक लोकही आहेत. माझे म्हणणे असे, की ती पुराव्यावर टिकत नाही. आणि टिकली असती तरी तिने प्रश्न चुकीच्या जागी मांडला आहे. वृद्धाचे दुखणे दवाखान्याच्या हिशेबातून निसटते आणि दुकानाच्या हिशेबात जाते, तिथे सगळा घोटाळा सुरू होतो. ऑक्सिकॉन्टिनच्या वेळी तो झाला, गांजाच्या बाबतीत तो अमेरिकेत होत आहे, आणि आपण तर दोन्ही घोटाळे एकाच वेळी करायला निघालो आहोत.

ऑक्सिकॉन्टिनची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातला एकच धागा घेतो. दुखण्यासाठी अफूवर्गीय औषध घेणाऱ्याला व्यसन क्वचितच लागते, असा जो दिलासा डॉक्टरांना वर्षानुवर्षे दिला गेला, त्याचा एक आधार म्हणजे जानेवारी १९८० मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेले पाच वाक्यांचे पत्र. रुग्णालयात दाखल असताना असे औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसन आढळले, इतकेच त्यात म्हटले होते. रुग्णालयातील खाटेवर परिचारिकेच्या हातून चार दिवस घेतलेले औषध आणि घरी कपाटात ठेवून चार वर्षे घेतलेले औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे शाळकरी मुलालाही कळावे. पण ते पत्र पुढे सहाशेहून अधिक वेळा संदर्भ म्हणून दिले गेले. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा कबुली दिली. मधल्या काळात, २०१२ साली, अमेरिकेत दर शंभर माणसांमागे ८१ अफूवर्गीय चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या.

मग लंबक उलटा फिरला, आणि त्याचा तडाखाही म्हाताऱ्यांनाच बसला. २०१६ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तशा संयमित होत्या. पण विमा कंपन्या, औषधांची दुकाने आणि धास्तावलेले डॉक्टर यांनी त्यांचा अर्थ ‘तोडा’ असा घेतला. दहा-दहा वर्षे एका ठरावीक मात्रेवर स्थिर असलेल्या, कोणत्याही भानगडीत नसलेल्या रुग्णांची गोळी एकाएकी बंद झाली. २०१९ मध्ये औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला, की असे अचानक तोडणे धोक्याचे आहे. २०२२ मध्ये मूळ सूचनाही बदलून सौम्य कराव्या लागल्या. गोळी गेली तरी दुखणे होते तिथेच होते. ते घेऊन माणूस कुठे जाणार? कोपऱ्यावरच्या गांजाच्या कायदेशीर, स्वच्छ, दिवाळीच्या मिठाईच्या दुकानासारख्या झगझगीत दुकानात.

गांजा पेनकिलरची जागा घेतो, या आशेला आधार नव्हता असे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९९९ ते २०१० या काळातील आकडे मांडून दाखवले, की वैद्यकीय गांजाला परवानगी देणाऱ्या राज्यांत अफूवर्गीय औषधांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सरासरी २४.८ टक्क्यांनी कमी होते. दोन वर्षांनी आणखी एक अभ्यास आला. तो थेट वृद्धांशी संबंधित होता, कारण त्यात पासष्टीपुढच्यांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ योजनेतील चिठ्ठ्या तपासल्या होत्या. परवानगी असलेल्या राज्यातला डॉक्टर वर्षाकाठी सरासरी १,८२६ दैनिक मात्रांइतकी वेदनाशामके कमी लिहितो, असा त्याचा निष्कर्ष होता. या दोन आकड्यांवर पुढे केवढी भाषणे झाली, किती जाहिराती उभ्या राहिल्या आणि किती आमदारांनी हात वर केले, याची गणती नाही.

२०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०१४ चाच हिशेब, त्याच पद्धतीने, फक्त २०१७ पर्यंत पुढे नेऊन पाहिला. आता तीच वजाबाकी बेरीज झाली होती. गांजाला परवानगी देणाऱ्या राज्यांत मृत्यू २२.७ टक्क्यांनी अधिक दिसत होते. याचा अर्थ गांजा आधी जीव वाचवत होता आणि नंतर घेऊ लागला, असा कोणी काढू नये. त्या संशोधकांनीही काढला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की अख्ख्या राज्याच्या सरासरीवरून एका माणसाच्या शरीरात काय घडते हे सांगता येत नाही. ज्या राज्याने गांजाला परवानगी दिली, त्याने त्याच सुमारास आणखीही दहा गोष्टी केलेल्या असतात. माणसामागे माणूस लावून पाहणी केली तर काय दिसते, हे ऑस्ट्रेलियात तपासले गेले. कर्करोगाव्यतिरिक्त इतर कारणांनी दीर्घकाळ दुखणे असलेल्या आणि अफूवर्गीय औषध घेणाऱ्या १,५१४ जणांचा चार वर्षे पाठपुरावा झाला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. गांजा घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाल्याचा किंवा त्यांची गोळी कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट गांजा घेणारे अधिक दुखते असेच सांगत होते. अर्थात अधिक दुखते म्हणूनच ते गांजाकडे वळले असतील, हेही तितकेच खरे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ च्या अहवालात प्रौढांच्या जुनाट दुखण्यावर गांजाचा उपयोग होतो याला भरीव पुरावा असल्याचे म्हटले. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेने जुनाट दुखण्यासाठी सीबीडी हा गांजातील घटक देऊ नये, दिलेच तर संशोधनाच्या चौकटीत द्यावे, असे सुचवले; आणि २०२१ मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दुखण्यासाठी गांजाच्या सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला. एकाच पुराव्याकडे पाहून शहाणी माणसे वेगवेगळ्या निष्कर्षांवर येतात, तेव्हा पुरावा अजून कच्चा आहे असे समजावे. कच्चा पुरावा हे संशोधन करण्याचे कारण आहे, दुकान थाटण्याचे नव्हे.

दुकाने मात्र थांबलेली नाहीत आणि गिऱ्हाईक वाढते आहे. गेल्या वर्षभरात गांजा घेतल्याचे सांगणाऱ्या पासष्टीपुढच्या अमेरिकनांचे प्रमाण २०१५ मध्ये २.४ टक्के होते, ते २०१८ मध्ये ४.२ टक्के झाले. पुढे ‘गेल्या महिनाभरात घेतला का’ या अधिक कडक प्रश्नालाही २०२१ मध्ये ४.८ आणि २०२३ मध्ये ७ टक्के लोकांनी होकार दिला. कॅलिफोर्नियात गांजाशी संबंधित तक्रार घेऊन तातडीच्या विभागात आलेल्या या वयाच्या रुग्णांच्या भेटी २००५ मध्ये ३६६ होत्या, २०१९ मध्ये १२,१६७ झाल्या. यातला काही भाग कायदा सैल झाल्यामुळे लोक खरे सांगू लागले आणि डॉक्टर कागदावर लिहू लागले याचा असणार. तरीही तीनशेवरून बारा हजारांवर जाणारा आकडा सगळाच्या सगळा प्रामाणिकपणाने वाढला, असे म्हणणे धाडसाचे होईल.

यात एक पिढीचा भाग आहे. आज सत्तरीत असलेल्या अमेरिकनाने गांजा पहिल्यांदा ओढला तो कॉलेजात, १९७० च्या आसपास. मध्ये नोकरी, मुले, गृहकर्ज यांत त्याने तो सोडला आणि निवृत्तीनंतर जुन्या मित्राकडे परतावे तसा तो परतला. पण हा तो मित्र नव्हे. तेथे जप्त होणाऱ्या गांजात नशा आणणाऱ्या टीएचसीचे प्रमाण १९९५ मध्ये चार टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१४ पर्यंत बाराच्या घरात गेले. शरीरही ते राहिलेले नाही. म्हातारपणी स्नायू कमी होतात, चरबीचे प्रमाण वाढते आणि टीएचसी चरबीत साठून राहते. उठून उभे राहताना रक्तदाब घसरतो. ओढण्याऐवजी गोड वडीच्या रूपाने खाल्ल्यास परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात. तोवर ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी वडी तोंडात गेलेली असते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात गांजाच्या खाद्यपदार्थांना २०२० मध्ये बाजार मोकळा झाल्यावर वृद्धांच्या विषबाधा वाढल्या, त्याचे यांत्रिक कारण हेच. नशा न आणणारा म्हणून साळसूद समजला जाणारा सीबीडीसुद्धा यकृतातील ज्या यंत्रणेने वॉरफेरिनचा निचरा होतो तीच अडवतो. रक्त पातळ करण्याची ती गोळी घेणाऱ्याचे रक्त त्यामुळे आणखी पातळ होऊ शकते.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर साताऱ्यातल्या एका पत्र्याच्या डब्यात डोकावू या. डबा बिस्किटांचा आहे, जुना, झाकणावर उडालेल्या रंगाचा राजवाडा. तो माझ्या आत्याचा. ती प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाली, आता एकोणऐंशीची आहे. डब्यात वरच्या थरात रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, साखरेची मेटफॉर्मिन आणि कॅल्शियम, सगळे रबर लावून नीट ठेवलेले. खालच्या थरात कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे, चार गोळ्यांचा एक, दोनचा एक. कापल्यामुळे नावाची अर्धीच अक्षरे उरलेली. मुदत संपण्याची तारीख दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली. ही ‘दुखीची गोळी’. मेडिकलमधून पोरगा सांगितल्याबरोबर काढून देतो. चिठ्ठी कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही. डायक्लोफिनॅक हे अफूच्या कुळाबाहेरचे वेदनाशामक असलेली ती गोळी आत्या तीन वर्षे जवळजवळ रोज घेत होती.

पोटात आग पडणे, शौचाला काळे होणे आणि जिना चढताना धाप लागणे हे सगळे झाल्यावर तिला रुग्णालयात नेले, तेव्हा हिमोग्लोबिन सातवर आले होते आणि मूत्रपिंडाच्या कामाचे माप असलेले क्रिएटिनिन वर गेले होते. तरुण डॉक्टरने विचारले, “आजी, कोणकोणती औषधे चालू आहेत?” तिने रक्तदाब, साखर, कॅल्शियम अशी तिन्ही अचूक सांगितली. मी डब्याची आठवण करून दिल्यावर ती माझ्यावरच चिडली. “अरे, ते काय औषध आहे? ती दुखीची गोळी!” जठराला व्रण पाडणारे, मूत्रपिंडाला ताण देणारे, रक्तदाब वाढवणारे असे ते एकमेव रसायन तिच्या लेखी औषध नव्हतेच. शिवाय रक्तदाबाच्या त्या जोडगोळीसोबत डायक्लोफिनॅक गेले की मूत्रपिंडावर तिहेरी घाव बसतो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच शिकवतात. आत्याला ते सांगायला कोणी नव्हते, कारण तिचे दुखणे कोणाच्या कागदावरच नव्हते.

गोष्ट इथे संपत नाही. गोळी बंद करावी लागली म्हणून तिच्या मुलाने इंटरनेटवरून ‘विजया’चे तेल मागवले. विजया म्हणजे भांग. फोनवर एका वैद्यांशी बोलणे झाले. ते चार मिनिटे चालले, आणि त्यात चालू औषधांचा विषय निघाला तेव्हा आत्याने पुन्हा तीच तीन नावे सांगितली. बाटली आली. तिच्यासोबत थेंब मोजायची नळी होती आणि लेबलावर बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना. रात्री जिभेखाली थेंब घेऊन आत्याला झोप छान लागली, हे मान्य केले पाहिजे. पाचव्या दिवशी पहाटे न्हाणीघराकडे जाताना ती चौकट धरून खाली बसली. हाड मोडले नाही, हे नशीब. आणि डब्यात पाहिले तर दुखीच्या गोळीचा नवा तुकडा होता. तेलाने गोळी सुटली नव्हती, गोळीत तेलाची भर पडली होती. एका आत्यावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला समजते. पण पर्यायाची भाषा प्रत्यक्ष घरात शिरल्यावर बेरजेची कशी होते, ते मी त्या डब्यात पाहिले.

आपल्याकडच्या कायद्याची रचना या गोंधळाला पोषकच आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचा राळयुक्त चीक आणि फुलोऱ्याचे शेंडे, बंदीत टाकले. पाने आणि बिया व्याख्येबाहेर ठेवल्या आणि पानांची भांग राज्यांच्या हाती सोपवली. महाराष्ट्रात ती दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याखाली येते. पण तीच भांग आयुर्वेदिक औषधाच्या घटकांत आली, की तिला औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील विषारी द्रव्यांची ‘ई-१’ सूची लागू होते आणि वर उल्लेखलेली बारीक अक्षरांतील सूचना छापणे पुरते. सूचना छापली जाते. देखरेख कोणी करायची, हे कोणालाच विचारले जात नाही.

‘आयुर्वेदात आहे’ हा युक्तिवाद हमखास पुढे येतो, तेव्हा आयुर्वेदात काय आहे तेही पाहावे. शार्ङ्गधर संहितेत ‘व्यवायी’ द्रव्याची व्याख्या येते: जे आधी सर्व शरीरात पसरते आणि मग पचते, ते व्यवायी. उदाहरणे दोनच दिली आहेत, भांग आणि अफू. ज्या दोन वनस्पतींना आजचा बाजार एकमेकींचा उतारा म्हणून विकतो, त्यांना त्या ग्रंथकाराने एकाच पंक्तीला बसवले आहे. भांग असलेले जातीफलादि चूर्ण प्रसिद्ध आहे ते ग्रहणीसाठी, म्हणजे पोटाच्या विकारासाठी. गुडघेदुखीवर रोज रात्री, वर्षानुवर्षे, अर्क काढून सांद्र केलेले तेल घ्यावे, या आजच्या वापराला ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणणे हा परंपरेवरही अन्याय आहे.

तेलाच्या बाटलीत खरोखर काय असते, हा प्रश्न तर वेगळाच. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या सीबीडीच्या ८४ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील फक्त २६ उत्पादनांच्या लेबलावरचे प्रमाण बरोबर होते, आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. ही त्या देशाची स्थिती, जिथे बाजार मोठा आहे, प्रयोगशाळा आहेत आणि खटले भरणारे वकीलही आहेत.

म्हणून बंदी हवी, असे मात्र मी म्हणत नाही. कारण बंदीने वृद्धांचे काय होते, याचा आपल्याइतका कडू अनुभव क्वचितच कोणा देशाला असेल. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि तिचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे परदेशी औषधनिर्मितीसाठी जात आला. त्याच देशात १९८५ च्या कायद्यानंतर अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये साऱ्या देशाचा वर्षाचा वापर १८ किलोवर आला. कायदा व्यसनाविरुद्ध होता. पण परवान्यांच्या माळेने आणि शिक्षेच्या धाकाने त्याने दुकानदार आणि रुग्णालये यांनाच पळवून लावले. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील माणसाला तळमळत मरावे लागले, ते अफू पिकवणाऱ्या देशात. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात १९९३ पासून उभ्या केलेल्या वेदनाशमनाच्या कामाने दाखवून दिले, की तोंडाने घ्यायचे मॉर्फिन गावपातळीवर, स्वयंसेवकांच्या साथीने, गैरवापर न होता देता येते. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारून मॉर्फिनसारख्या सहा औषधांचे परवाने एका खिडकीवर आणले. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शेवटच्या अवस्थेतील कर्करुग्णांसाठी शांती अवेदना सदन आहे, टाटा रुग्णालयाचा वेदनाशमन विभाग आहे. पण जिल्ह्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळेलच, अशी खात्री आजही कोणी देऊ शकणार नाही. या पार्श्वभूमीवर चित्र विचित्र दिसते. ज्याला अफूवर्गीय औषधाची खरी गरज आहे त्याला ते मिळत नाही, ज्याने डायक्लोफिनॅक टाळायला हवे त्याला ते शेंगदाण्यासारखे मिळते, आणि या दोघांनाही भांगेचे तेल घरपोच येते.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप वजनदार आहे. म्हातारी माणसे अज्ञान बालके नव्हेत. साठी बुद्धी नाठी म्हणून त्यांच्या वतीने निर्णय घेणे हा आपल्या समाजाचा जुना रोग आहे. ज्याने आयुष्यभर घर चालवले, कर भरला, मते दिली, त्याने शेवटच्या वर्षांत काय घ्यावे हे आपण कोण ठरवणार? आयुष्याचे काही महिने उरलेल्या माणसाला भांगेच्या थेंबांनी झोप लागत असेल आणि भूक लागत असेल, तर पडण्याचा धोका पत्करूनही ती त्याला मिळावी, असे माझेही मत आहे. परंतु स्वातंत्र्याला माहितीचा आधार लागतो. माझी आत्या निर्णय घेत नव्हती. ती दोन विक्रेत्यांच्या मधोमध उभी होती आणि दोघांपैकी एकानेही तिला तिच्या मूत्रपिंडाबद्दल काही सांगितले नव्हते.

जाता जाता आणखी एका वर्गाचा उल्लेख करतो, कारण तो मराठी घरांत वाढतो आहे. मुलांकडे सहा महिने राहायला न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गेलेले आई-वडील. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून कोणाही प्रौढाला गांजा दुकानात मिळतो, आणि ‘बाबा, एक वडी घेऊन बघा, पाठीला बरे वाटेल’ असे म्हणणारी प्रेमळ सून किंवा जावई तिथे असतात. राज्याने दिलेली मुभा तेथील केंद्रीय कायदा मानत नाही, आणि व्हिसा व ग्रीन कार्ड हा केंद्राचा कारभार आहे; नागरिकत्वाच्या अर्जाबाबत तर राज्यात वैध असलेला गांजाही अडसर ठरतो, असे तेथील खात्याने २०१९ मध्येच लिहून ठेवले आहे. उरलेल्या वड्या सामानात घालून मुंबईच्या विमानतळावर उतरलो तर काय, याचे उत्तर १९८५ च्या आपल्या कायद्यात आहे आणि ते सुखाचे नाही.

मग करायचे काय? उद्या औषध प्रशासनाने फतवा काढून मेडिकलमधली बिनचिठ्ठीची गोळी एका रात्रीत बंद केली, तर ती अमेरिकेतल्या २०१६ ची गावठी आवृत्ती होईल. आत्याची पिढी तिथून उठून पुडीवाल्याकडे जाईल, ज्याच्या ‘जडीबुटी’च्या सांधेदुखीच्या पुडीत अनेकदा स्टिरॉइड दळलेले असते. आधी दुखण्याला दवाखान्यात जागा करावी लागेल. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग आणि भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, सोय अपेक्षित आहे. कागदावरचा तो भौतिकोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष खुर्चीत बसलेला असणे, ही गांजाच्या कायद्यापेक्षा मोठी सुधारणा ठरेल. गुडघ्याला मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने आणि वरून लावायच्या डायक्लोफिनॅकच्या मलमाने पुष्कळ उतार पडतो, आणि मलमातून रक्तात फार थोडे औषध जाते. हे उपाय स्वस्त आहेत, म्हणून त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

विजयाच्या तेलाला औषध म्हणायचे असेल तर औषधाचे नियम लावा. बाटलीवर टीएचसी आणि सीबीडी किती मिलिग्रॅम ते छापलेले असावे, प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, चालू औषधांची यादी पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहिली जाऊ नये, आणि ‘पेनकिलरला सुरक्षित पर्याय’ हे शब्द पुराव्याअभावी जाहिरातीतून काढायला लावावेत. आयुर्वेद महाविद्यालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी मिळून चाचण्या कराव्यात. त्या पस्तिशीतल्या धडधाकट स्वयंसेवकांवर नकोत. सत्तरीच्या, पाच गोळ्या चालू असलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या माणसांवर हव्यात, कारण तेल घेणारी माणसे तीच आहेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक सूचीतून बाहेर काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते. ते मत संशोधनासाठी दिले असे आपण मानतो. मग वृद्धांच्या दुखण्यावरील चाचण्यांसाठी निधी आणि परवाने देणे हे त्या मताचे पुढचे पाऊल आहे.

आत्याने आता तिच्या शिक्षकी अक्षरात, दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर यादी केली आहे आणि दर महिन्याला ती नव्या डॉक्टरबाईंकडे घेऊन जाते. गोळ्या, मलम, डोळ्यांचे थेंब, काढ्याची पूड असे अकरा क्रमांक आहेत. तेलाच्या नावावर रेघ मारलेली आहे. गेल्या महिन्यात तिने तळाशी बारावा क्रमांक घालून लिहिले: ‘दुखीची गोळी, कधीकधी.’ डॉक्टरबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि खुर्ची थोडी पुढे ओढून विचारले, “बाई, कधीकधी म्हणजे आठवड्यातून किती वेळा?”